यती खेकड्यांचा वंशवृक्ष: दोन नमुन्यांनी उलटलेली दिशा

खोल समुद्रातल्या, अंगावर केस असलेल्या यती खेकड्यांचे मूळ कुठले, याचे एक उत्तर २०१३ साली मिळाले होते. नऊ जनुकांच्या आधारे मांडलेल्या वंशवृक्षावरून असे दिसत होते, की हे घराणे आधी मिथेनच्या थंड झिरप्यांवर राहत असावे आणि तिथून ते ज्वालामुखी पर्वतरांगांवरच्या गरम झऱ्यांकडे सरकले असावे. २०१८ साली दुसरा निबंध आला. मुख्य लेखक तोच, प्राणीही बहुतेक तेच, दिशा मात्र उलटी. आता मूळ घर गरम झऱ्यांचे ठरले आणि झिरप्यावर राहणारी जात ही नंतर बाहेर पडलेली शाखा ठरली. पहिल्या वेळी जनुके वाचताना कोणाचा हात चुकला नव्हता. मधल्या काळात दोन नव्या जाती हाती आल्या होत्या.

डीएनएने ओळख पटली की निकाल लागला, असे आपण धरून चालतो. गुन्ह्याच्या तपासात ते बऱ्याच अंशी खरेही असते, कारण तिथे प्रश्न 'हा तोच का' असा असतो. इथला प्रश्न 'हे आले कुठून' असा आहे. त्याचे उत्तर तुलनेला कोण कोण हजर आहे यावर ठरते, आणि अडीच किलोमीटर पाण्याखालच्या प्राण्यांची हजेरी घेणे सोपे नसते.

एका नमुन्यावर उभे राहिलेले कुल

मार्च २००५ मध्ये 'अल्विन' ही माणसांना खोल तळापर्यंत नेणारी पाणबुडी ईस्टर बेटाच्या दक्षिणेला सुमारे १,५०० किलोमीटरवर, पॅसिफिक-अंटार्क्टिक पर्वतरांगेवर उतरली. साधारण २,२०० मीटर खोलीवर, गरम झऱ्यांच्या आसपास, पांढुरका, १५ सेंटीमीटरच्या घरातला एक प्राणी दिसला. त्याच्या नांग्यांवर आणि पायांवर दाट, लांब केस होते. एकच नमुना वर आणला गेला. एन्रिके मॅकफर्सन, विल्यम जोन्स आणि मिशेल सेगोन्झाक यांनी त्याचे वर्णन त्याच वर्षाअखेरीस प्रसिद्ध केले आणि त्याला किवा हिरसुटा हे नाव दिले. जात नवी होतीच, पण तिला ठेवायला प्रजातीही (जवळच्या जातींचा गट) सापडेना आणि कुलही (प्रजातींचा गट) सापडेना. शेवटी दोन्ही नवी करावी लागली: किवा ही प्रजाती आणि किवाइडी हे कुल.

एका प्राण्यावरून अख्खे कुल उभे करणे हे धाडसच. सर्वांत नजरेत भरणारे लक्षण, म्हणजे केस, इथे फारसे भरवशाचे नव्हते. या केसांवर जिवाणू वाढतात, आणि जिवाणू वाढवण्यासाठी अंगावर केस असणे ही खोल समुद्रात अनेकांनी स्वतंत्रपणे साधलेली गोष्ट आहे. पश्चिम पॅसिफिकमधल्या ओकिनावा खळग्यात राहणाऱ्या शिंकाया क्रॉस्निएरीच्या छाती-पोटाखालीही असेच जिवाणूंनी भरलेले केस असतात. यती खेकड्यासारखा तोही स्क्वॉट लॉब्स्टरच, म्हणजे खेकड्यासारखा दिसणारा चपटा कवचधारी प्राणी, पण अगदी वेगळ्या शाखेतला. नुसते केस पाहून नाते जुळवायला गेलो, तर हे दोघे भाऊ वाटतील.

म्हणून वर्णन करणाऱ्यांनी शरीररचनेला १८एस या जनुकाची जोड दिली. हे जनुक पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे रायबोसोमचा, एक भाग घडवते. त्यात फारसा फेरफार खपत नाही, त्यामुळे ते फार हळू बदलते. कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेल्या फांद्या ओळखायला असेच संथ जनुक लागते. त्याने दाखवले, की हा प्राणी ॲनोम्युरा गटातला आहे. साधू खेकडे आणि स्क्वॉट लॉब्स्टर याच गटातले. थोडक्यात, यती खेकडा शास्त्राच्या हिशेबात खरा खेकडा नाही. रूढ झाले म्हणून मी पुढेही 'खेकडा'च म्हणणार आहे.

ओळखीचे जनुक वेगळे, मुळाचे वेगळे

पुढचे प्रकरण समजायला एक गोष्ट आधी नीट करून घ्यावी लागेल. जात ओळखणे, जुने नाते शोधणे आणि आजची ये-जा तपासणे ही तीन निराळी कामे आहेत, आणि प्रत्येकासाठी डीएनएचा निराळा तुकडा लागतो.

जात ओळखायला बहुतेक वेळा सीओआय हे जनुक वापरतात. ते पेशीच्या केंद्रकात नसते, मायटोकॉन्ड्रियात असते. सुमारे ६५० अक्षरांचा त्याचा एक ठरावीक भाग वाचला, की बहुतेक प्राण्यांची जात सांगता येते. २००३ साली पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी याला डीएनए बारकोड म्हणून पुढे आणले. हे जनुक लवकर बदलते, त्यामुळे जवळच्या जातींमध्येही फरक पडलेला असतो. प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या प्रती भरपूर असल्यामुळे जुन्या किंवा थोड्या खराब झालेल्या नमुन्यातूनही ते मिळण्याची शक्यता जास्त असते.

पण त्याचे दोन दोष आहेत आणि दोन्ही कवचधारी प्राण्यांमध्ये चांगलेच जाणवतात. ते फक्त आईकडून येते, म्हणजे कुटुंबाची अर्धीच कहाणी सांगते. शिवाय मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे कधीकाळी केंद्रकात जाऊन चिकटलेले असतात. ते निकामी असतात, स्वतंत्रपणे बदलत राहतात आणि यंत्राला खऱ्या जनुकासारखेच दिसतात. ते चुकून वाचले गेले, की कागदावर एक जात जास्त उगवते. सावध प्रयोगशाळा म्हणूनच मिळालेली अक्षरमाला प्रथिनात उतरवून पाहते. मध्येच 'थांबा' असा संकेत आला, तर तो तुकडा निकामी समजून बाजूला ठेवतात.

यती खेकड्यांच्या बाबतीत तिसरी अडचण आहे, ती अंगावरच्या बागेची. केसांवर जिवाणूंचे दाट थर असताना कवचाचा तुकडा घेतला, तर खेकड्याबरोबर भाडेकरूंचा डीएनएही येणार. त्यापेक्षा पायाच्या आतला स्नायू बरा. नमुना फॉर्मालिनमध्ये न टाकता तीव्र इथेनॉलमध्ये ठेवलेला असला पाहिजे, कारण फॉर्मालिनने आकार छान टिकतो पण डीएनएचे तुकडे पडतात आणि ते एकमेकांत अडकतात. जहाजावर कोणी कोणती बरणी उचलली, यावर पुढच्या दहा वर्षांचे विज्ञान अवलंबून असते. यात मी अतिशयोक्ती करत नाही. दुसरा नमुना आणायला दुसरी मोहीम लागते.

नकाशावर ठिपके वाढले

दुसरा ठिपका कोस्टा रिकाच्या किनाऱ्याबाहेर, सुमारे १,००० मीटर खोलीवर पडला. तिथे गरम झरे नाहीत. समुद्रतळातून मिथेन आणि सल्फाइड हळूहळू झिरपते, पाणी थंडच राहते. २००६ साली तिथे दिसलेल्या खेकड्याचे वर्णन अँड्र्यू थर्बर, विल्यम जोन्स आणि करीन श्नाबेल यांनी २०११ साली केले आणि नाव ठेवले किवा पुराविडा. हा प्राणी आपल्या नांग्या तालात हलवत राहतो. त्यामुळे केसांवरच्या जिवाणूंना ऑक्सिजन आणि सल्फाइडचे ताजे पाणी मिळत राहते असे मानतात. मग तोंडाजवळच्या कंगव्यासारख्या अवयवाने तो त्यांना विंचरून खातो. मेदाम्ले आणि समस्थानिके तपासून हे जिवाणूच त्याचे मुख्य अन्न असल्याचे दाखवले गेले.

तिसरा ठिपका अंटार्क्टिकाजवळचा. २०१० च्या जानेवारीत ब्रिटिश मोहिमेने 'आयसिस' या दूरनियंत्रित वाहनाने ईस्ट स्कोशिया पर्वतरांगेवरचे झरे धुंडाळले. तिथे यती खेकडे एक-दोन दिसले नाहीत, ढिगाने दिसले. काही ठिकाणी एका चौरस मीटरवर ७०० हून अधिक. धुरांड्यातून ३५० अंश सेल्सियसच्या पुढचे पाणी बाहेर पडते आणि हातभर पलीकडे तापमान शून्याच्या आसपास येते. या दोन टोकांमधल्या अरुंद पट्ट्यात ते एकमेकांवर चढून बसलेले असतात. २०१५ साली स्वेन थात्ये आणि सहकाऱ्यांनी त्याला किवा टायलेरी हे नाव दिले, साउदॅम्प्टन विद्यापीठाचे सागरजीवशास्त्रज्ञ पॉल टायलर यांच्यावरून. केसाळ छातीमुळे जहाजावर मात्र तो एका अमेरिकन नटाच्या नावाने ओळखला जात होता.

चौथा ठिपका दक्षिण-पश्चिम हिंद महासागरी पर्वतरांगेवर, लोंगची नावाच्या झऱ्यांवर, सुमारे २,७५० मीटर खोलीवर. २०११ मध्ये तिथून नमुने आले. स्कोशियापासून हे ठिकाण सरळ रेषेत ६,००० किलोमीटरच्या आसपास येते. दिसायला हा प्राणी टायलेरीचाच नातलग, आणि जनुकांनीही तेच सांगितले: सख्ख्या नात्यातला, पण तोच नव्हे. त्याला शास्त्रीय नाव मिळाले नव्हते, त्यामुळे निबंधांत तो 'किवा एसडब्ल्यूआयआर' असा ठिकाणाच्या आद्याक्षरांनीच वावरत राहिला.

इथे जनुकांनी खरोखर उपयोगी काम केले. टायलेरीला नाव मिळण्याच्या दोन वर्षे आधी आणि हिंद महासागरातल्या खेकड्याला नाव नसतानाच दोघांना वंशवृक्षात जागा मिळाली. वर्गीकरणतज्ज्ञाला एकेक काटा, एकेक सांधा मोजून वर्णन लिहायला वर्षे लागतात. डीएनए तोवर थांबत नाही. याचा तोटाही आहे, तो पुढे येईलच.

२०१३ चा वृक्ष

निकोलाय रोटरमन, जोनाथन कॉप्ली, कात्रिन लिन्झे, पॉल टायलर आणि ॲलेक्स रॉजर्स यांनी तोवर माहीत असलेले सगळे यती खेकडे आणि त्यांचे नातलग घेतले. एकूण १५ चिरोस्टायलॉइड (यती खेकडे आणि त्यांची शेजारी कुले यांचा मिळून गट), प्रत्येकाची नऊ जनुके. हळू बदलणारी आणि लवकर बदलणारी, दोन्ही प्रकारची.

वृक्षात सर्वांत आधी फुटणारी फांदी निघाली कोस्टा रिकाच्या पुराविडाची. तिच्या समोरच्या बाजूला झऱ्यांवरचे बाकी सगळे: हिरसुटा, स्कोशियाचा आणि हिंद महासागरातला. झिरप्याचा एकटा एका बाजूला आणि झऱ्यांचे सगळे दुसऱ्या बाजूला, असे चित्र दिसल्यावर झिरप्यांकडून झऱ्यांकडे ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते. खोल समुद्रातल्या शिंपल्यांच्या बाबतीत असाच विचार आधी मांडला गेला होता. तळाशी बुडालेली लाकडे आणि देवमाशांची हाडे यांवर पाय ठेवत ते झऱ्यांपर्यंत पोहोचले असावेत, असा तो तर्क. यती खेकडे त्या साच्यात बसत होते. लेखकांनी शब्द जपून वापरले होते. वृक्ष या कल्पनेशी सुसंगत आहे, एवढेच ते म्हणाले.

मग तारखा. जनुकांतले बदल साधारण ठरावीक गतीने साचतात असे धरले, तर दोन फांद्या कधी वेगळ्या झाल्या हे काढता येते. पण ती गती ठरवायला वय माहीत असलेले जीवाश्म लागतात, आणि गरम झऱ्यांवरचे प्राणी जीवाश्मांच्या रूपात क्वचितच टिकतात. त्यामुळे नातलगांच्या जीवाश्मांवर भिस्त ठेवावी लागते आणि उत्तर आकड्यात न येता पट्ट्यात येते. पॅसिफिकमधली आणि पॅसिफिकबाहेरची शाखा १.३४ ते २.५९ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, असे उत्तर मिळाले.

हा पट्टा एका मोठ्या भूगर्भीय घटनेच्या जवळ येतो. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका दूर सरकून त्यांच्यामध्ये ड्रेक सामुद्रधुनी उघडली, आणि अंटार्क्टिकाला वळसा घालणाऱ्या पूर्ववाहिनी प्रवाहाला वाट मिळाली. पूर्व पॅसिफिकमधून निघालेली अळी या वाटेने स्कोशियापर्यंत आणि पुढे प्रवाहाबरोबर हिंद महासागरापर्यंत जाऊ शकते. चित्र सुरेख जमते. मला स्वतःला असे फार जमलेले चित्र पाहिले की थोडी धाकधूक वाटते. ही सामुद्रधुनी खोल पाण्यासाठी नेमकी कधी उघडली यावर भूगर्भतज्ज्ञांमध्येच मतभेद आहेत. सव्वा कोटी वर्षे रुंदीचा पट्टा आणि वादग्रस्त तारीख एकमेकांवर पडणे ही फार कठीण गोष्ट नाही.

तरीही या मार्गाच्या बाजूने एक स्वतंत्र साक्षीदार आहे. गिगँटोपेल्टा ही झऱ्यांवरची मोठी गोगलगाय. २०१५ साली तिच्या दोन जातींचे वर्णन झाले: चेसोइया स्कोशियावरची आणि एजिस लोंगचीवरची. अगदी वेगळा प्राणी, वेगळी अळी, आणि तरी बहिणींची जोडी त्याच दोन ठिकाणी. एकाच कुटुंबाने ही वाट धरली असती तर योगायोग म्हणता आले असते. दोघांनी धरली म्हटल्यावर स्कोशिया आणि हिंद महासागर यांच्यामधला दुवा बराच पक्का होतो. ड्रेक सामुद्रधुनीचा दुवा मात्र तेवढा पक्का नाही.

दोन नवे पाहुणे

पुढच्या काही वर्षांत दोन गोष्टी घडल्या. ऑस्ट्रेलियन-अंटार्क्टिक पर्वतरांगेवरच्या झऱ्यांतून कोरियन शास्त्रज्ञांना एक यती खेकडा मिळाला. २०१६ साली त्याचे वर्णन झाले आणि 'अराओन' या त्यांच्या बर्फफोड्या जहाजावरून नाव पडले किवा अराओने. दुसरा गॅलापागोस सूक्ष्मभूपट्टाच्या, म्हणजे भूकवचाच्या एका छोट्या तुकड्याच्या, परिसरातून आला. हाही बिननावाचा.

अराओने कोणाचा नातलग असेल? नकाशा पाहून कोणीही टायलेरीचे नाव घेईल. दोघेही दक्षिण महासागरातले, दोघेही अतिथंड पाण्याने वेढलेल्या झऱ्यांवरचे, आणि दोघांना जोडणारा अंटार्क्टिक प्रवाह मध्ये आहेच. पण २०१८ च्या विश्लेषणात अराओने जाऊन बसला तो कोस्टा रिकाच्या पुराविडाशेजारी, आणि गॅलापागोसचाही तिथेच. या तिघांच्या गटाला लेखकांनी 'ब्रिस्टली', म्हणजे राठ केसांचा, असे नाव दिले. हजारो किलोमीटर दूर, विषुववृत्ताजवळ राहणारे दोघे अराओनेला जवळचे आणि दक्षिणेतला टायलेरी लांबचा.

या एका मांडणीने मूळ घराचा प्रश्न पालटला. २०१३ मध्ये पुराविडा एकटा एका फांदीवर होता, म्हणून तो आरंभीच्या राहणीचा नमुना वाटत होता. आता त्याच्या फांदीवरचे बाकी दोघेही गरम झऱ्यांवरचे निघाले. कुल मुळात झिरप्यांवरचे मानले, तर झऱ्यांकडे जाण्याची उडी एकाहून जास्त वेळा मारली गेली असे धरावे लागते. कुल मुळात झऱ्यांवरचे मानले, तर एकच उडी पुरते, ती पुराविडाच्या पूर्वजांनी झिरप्याकडे मारलेली. कमीत कमी गृहीतकांत काम भागत असेल तर तेच घ्यायचे, या नियमाने झऱ्यांचा पक्ष जिंकतो.

काल्पनिक का होईना, एक प्रयोग इथे करून पाहण्यासारखा आहे. वहीतली मधली दोन पाने फाटलेली असताना कथा वाचली, तर जो पहिल्याच पानावर दिसतो तोच मूळ पुरुष वाटतो. फाटलेली पाने चिकटवली की कळते, तो मधल्या पिढीतला होता. २०१३ च्या वाचकांच्या हाती पानेच तेवढी होती.

वयाचे गणितही नव्याने झाले, या वेळी जास्त जीवाश्मांच्या आधारे आणि जास्त लांबीच्या जनुकमालेवर. आज जिवंत असलेल्या सगळ्या यती खेकड्यांचा समान उगम पूर्व पॅसिफिकमध्ये, ३.३ ते ३.८ कोटी वर्षांपूर्वी आला. तो काळ इओसीन आणि ऑलिगोसीन या भूगर्भीय कालखंडांच्या सीमेचा. तेव्हा पॅसिफिकच्या तळाचे पाणी थंड होत होते आणि त्यात ऑक्सिजन अधिक पोहोचू लागला होता. ब्रिस्टली गटाचा झपाट्याने झालेला विस्तार त्यानंतरच्या मध्य मायोसीन कालखंडातला, साधारण १ ते १.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तोही पूर्व पॅसिफिक थंड होण्याच्या आणखी एका काळाशी जुळणारा.

या निबंधातली मला सर्वांत पटलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. आधीच्या निबंधातले एक मत लेखकांनी चक्क मागे घेतले. यती खेकड्यांचे कुल आणि त्याची दोन शेजारी कुले, चिरोस्टायलिडी आणि युमुनिडिडी, यांच्यात कोण कोणाला अधिक जवळचे, हे २०१३ मध्ये ठरल्यासारखे होते. जास्त माहिती आल्यावर ते पुन्हा अनिर्णित आहे असे त्यांनी लिहिले. माहिती वाढली की खात्री वाढते, असे नेहमी होत नाही.

न सापडण्याचा अर्थ

पूर्व पॅसिफिक उंचवटा या समुद्रतळावरच्या पर्वतरांगेतले झरे गेली कित्येक दशके अभ्यासले गेले आहेत. त्याच्या उत्तरेकडच्या भागात पाणबुड्या पुन्हा पुन्हा गेल्या. यती खेकड्यांचे मूळ घर जर याच बाजूला, तर मग ते तिथे सगळीकडे का नाहीत?

२०१८ च्या लेखकांचे उत्तर असे, की ते नामशेष होत गेले, पुन्हा वसत गेले आणि पुन्हा फाकत गेले. जलद रुंदावणाऱ्या पर्वतरांगांवर भूकवच वर्षाला दहा-पंधरा सेंटीमीटर पसरते, लाव्हा वारंवार बाहेर येतो आणि झरे बुजतात. ९ अंश उत्तर अक्षांशाजवळच्या झऱ्यांवर १९९१ साली आणि पुन्हा २००५-०६ मध्ये लाव्हा पसरला, तेव्हा तिथले जीवन साफ झाले. याउलट लोंगची ज्या पर्वतरांगेवर आहे ती वर्षाला दीड सेंटीमीटरच्या आसपास रुंदावते. तिथे झरे विरळ, पण टिकाऊ. याला जोड म्हणून तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन आणि तापमान यांत मोठे चढउतार झाले, तर पर्वतरांगेचे लांबच लांब पट्टे या खेकड्यांसाठी राहण्याजोगे उरले नसतील.

हा तर्क वृक्षाच्या आकारावरून आणि ठिपक्यांच्या विखुरणीवरून केलेला आहे. नामशेष झालेल्यांचा डीएनए कोणाकडे नाही. म्हणून मी याला निष्कर्ष न म्हणता चांगला संशय म्हणेन.

आजची ये-जा

कोट्यवधी वर्षांचा प्रवास बाजूला ठेवून आजचे विचारले, तर तिसऱ्या प्रकारची खूण लागते. मायक्रोसॅटेलाइट म्हणजे डीएनएमधली छोट्या अक्षरगटांची पुनरावृत्ती, जिची लांबी एकाच जातीतल्या व्यक्तींमध्येही बदलते. ती आणि सीओआय वापरून रोटरमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली स्कोशियावरची, एकमेकांपासून ४४० किलोमीटर दूर असलेली दोन क्षेत्रे तपासली.

अपेक्षा अशी होती, की टायलेरीत फरक दिसेल. त्याची अळी अंड्यातल्या बलकावर जगते आणि तिची वाढ फार थोडक्यात आटोपते, म्हणजे ती लांब जाऊ नये. शिवाय अंडी धरलेल्या माद्या गरम पट्टा सोडून थंड कडेला जातात. तिथे अन्न नाही, त्यामुळे त्या कृश होत जातात. हे काही दूरदेशी जाणाऱ्या प्राण्याचे लक्षण नव्हे.

फरक दिसला नाही. दोन्ही क्षेत्रांतले खेकडे जनुकांच्या दृष्टीने एकाच लोकसंख्येसारखे निघाले. याचे एक स्पष्टीकरण असे, की शून्याजवळच्या पाण्यात चयापचय मंदावतो, त्यामुळे बलक जास्त काळ पुरतो आणि अळी जास्त दूर वाहत जाते. दुसरे स्पष्टीकरण असे, की दोन्ही क्षेत्रे अलीकडेच एकाच ठिकाणाहून वसली आणि फरक साचायला वेळच मिळाला नाही. जनुकीय विविधतेवरून गेल्या दहा लाख वर्षांत कधीतरी या लोकसंख्येची मोठी गळती झाली असावी असे दिसते, त्यामुळे दुसरी शक्यताही टाकून देता येत नाही. 'फरक नाही' या निकालाचे हे दोन अर्थ वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला खरा असेल तर एक क्षेत्र उजाड झाल्यावर दुसऱ्यातून भरपाई होईल. दुसरा खरा असेल तर कदाचित होणारच नाही.

स्कोशिया पर्वतरांगेच्या पूर्वेला ९५ किलोमीटरवर, तिच्यापेक्षा सुमारे हजार मीटर कमी खोल असलेल्या केम्प ज्वालामुखी कुंडात तर यती खेकडे नाहीतच. ४४० किलोमीटरची वाट ज्यांना अडत नाही त्यांना ९५ किलोमीटर अडतात. लेखकांनी कारण म्हणून खोलीतला फरक आणि तिथली वेगळी परिस्थिती या दोहोंकडे बोट दाखवले आहे.

नाव नसलेल्याचे काय

मघाशी ज्या तोट्याचा उल्लेख केला तो हा. दक्षिण-पश्चिम हिंद महासागरी पर्वतरांगेवर धातूंच्या सल्फाइडांचा शोध घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाने करार दिले आहेत. चीनचा २०११ चा करार लोंगचीचा परिसर धरून आहे, आणि भारताचा २०१६ चा करारही याच पर्वतरांगेचा काही भाग व्यापतो. लोंगचीवरच्याच खवलेपायी गोगलगायीला शास्त्रीय नाव आणि वर्णन मिळाल्यावर २०१९ साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ती संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली, आणि कारण खाणकामाचा धोका हेच दिले गेले. अशा यादीत सहसा नाव असलेल्या जातीच बसतात. वंशवृक्षात ज्याची जागा पक्की आहे, ज्याचे भाऊबंद कोण हे माहीत आहे, तो ठिकाणाच्या आद्याक्षरांवर वावरणारा खेकडा तिथे दाखवायचा कसा? बारकोडने जात वेगळी आहे हे सांगता येते. नाव द्यायला मात्र कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली काटे मोजत बसावे लागते, आणि अशी माणसे थोडी आहेत.

पुढचा ठिपका कुठे पडावा

मोहीम आखणाऱ्यांनी मला विचारले असते, तर मी दोन जागा सुचवल्या असत्या. पहिली स्कोशिया आणि लोंगची यांच्यामधली, बूव्हे बेटाजवळ जिथे तीन भूपट्ट भेटतात त्या बाजूची पर्वतरांग. तिथला यती खेकडा टायलेरी आणि त्याच्या हिंद महासागरी भावंडाच्या मध्ये बसला, तर पूर्वेकडे सरकत जाण्याची वाट जवळजवळ सिद्ध होईल. तो ब्रिस्टली गटात गेला, तर दक्षिण महासागरात या घराण्याची शिरकाव करण्याची वाट एकच नव्हती असे मानावे लागेल.

दुसरी जागा चिलीचा किनारा. तिथे पर्वतरांग खंडाखाली शिरते आणि मिथेनचे झिरपे व गरम पाणी एकमेकांच्या जवळ सापडण्याची शक्यता असते. तिथल्या झिरप्यावर एखादा यती खेकडा मिळाला आणि तो पुराविडाच्या शेजारी बसला, तर २०१८ चा वृक्ष आणखी भक्कम होईल. तो वृक्षाच्या अगदी बुडाशी, सगळ्यांच्या आधी फुटलेल्या फांदीवर बसला, तर झिरपे आधी की झरे आधी, हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल, आणि त्यासाठी इथेनॉलमध्ये नीट ठेवलेला एक पाय पुरेल.